पाद्री श्वार्ट्झ : तंजावरच्या मराठ्यांचा परदेशी आप्त

कुंभकोणमच्या चक्रपाणी मंदिरात ब्राँझची एक मूर्ती आहे. देवासमोर हात जोडून उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले. एका दुखण्यातून राजे या देवाच्या कृपेने बरे झाले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावर. तेथील लहान किल्ल्यात, शिवगंगा तलावाजवळ, एक छोटेसे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. त्यात संगमरवरात कोरलेले हेच सरफोजीराजे पुन्हा भेटतात. तेथे ते मृत्युशय्येवर पडलेल्या एका वृद्ध पाद्र्याचा हात हाती घेऊन उभे आहेत. एकाच माणसाची ही दोन चित्रे, एक देवळातले आणि एक चर्चमधले. ती परस्परांशी भांडत नाहीत, हे आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

शय्येवरचा तो वृद्ध म्हणजे ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका जर्मन पाद्र्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर साधे आहे. घरापासून दूर गेलेल्या माणसाने परक्या मुलखात कसे राहावे, स्वतःचे किती जपावे आणि तेथले किती आपलेसे करावे, हा प्रश्न आपल्यापुढे मंडळाच्या पहिल्या दिवसापासून आहे. तो तंजावरच्या मराठ्यांपुढे होता आणि त्यांच्या दरबारी आलेल्या या पाद्र्यापुढेही होता. त्याने सुमारे ४८ वर्षे तमिळ मुलखात काढली आणि तेथेच देह ठेवला.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ च्या ऑक्टोबरात, प्रशियाच्या राज्यातील झोनेनबुर्ग या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आई ते अगदी लहान असतानाच वारली. हे मूल आपण देवाच्या सेवेला वाहिले आहे, त्याला तिकडे जावेसे वाटले तर अडवू नये, असे तिने जाताना पतीला सांगून ठेवले होते. पुढे शिक्षणासाठी मुलगा हाले येथील विद्यापीठात आला. हाले हे त्या काळी धर्मनिष्ठ विद्वानांचे मोठे केंद्र होते. तमिळ मुलखात अनेक वर्षे काम करून परतलेले शुल्त्से नावाचे वयस्क मिशनरी तेथे तमिळ बायबल छापण्याच्या खटपटीत होते. मुद्रिते तपासण्यास मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तमिळ शिकू लागले. छपाई काही पार पडली नाही, पण विद्यार्थ्याचे मन मात्र कावेरीकाठी जाऊन पोचले.

कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे ठाणे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तंजावरच्या नायक राजाकडून १६२० मध्ये ते डॅनिश लोकांना मिळाले होते आणि १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग व प्ल्युत्शौ या दोघांनी तेथे प्रोटेस्टंट मिशनचा पाया घातला होता. म्हणून श्वार्ट्झ यांनी १७४९ मध्ये कोपनहेगन येथे पाळकपदाची दीक्षा घेतली, इंग्लंडमार्गे प्रवास केला आणि १७५० च्या जुलैअखेर ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागले. वय चोवीसही पूर्ण नव्हते. त्यानंतर त्यांनी युरोप पुन्हा पाहिला नाही.

चार महिन्यांच्या आत त्यांनी त्सीगेनबाल्ग यांच्या चर्चमध्ये तमिळमधून पहिले प्रवचन केले. पण चार वाक्ये बोलता आली म्हणजे भाषा आली असे त्यांनी मानले नाही. तमिळ लोकांचे धर्मग्रंथ व पुराणकथा यांचा त्यांनी काही वर्षे नेटाने अभ्यास केला. समोरचा माणूस काय मानतो हे ठाऊक नसेल, तर त्याच्याशी धर्माची गोष्ट कोणत्या तोंडाने बोलायची, असा त्यांचा विचार होता. दिवसाचा बराचसा वेळ ते गावोगाव पायी हिंडत आणि वाटेत भेटेल त्याच्याशी झाडाखाली बसून बोलत.

ज्या मुलखात ते हिंडत होते तेथे सत्ता मराठ्यांची होती. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर भोसल्यांचे राज्य होते. दरबारात मराठी, शेतात तमिळ आणि गाण्यात तेलुगू, असा तेथला रिवाज. तरंगंबाडीहून मायावरमकडून आत शिरले की तंजावरच्या आधी कुंभकोणम लागते. कावेरी व अरसलार या दोन नद्यांमधले हे गाव म्हणजे देवळांचे आणि विद्वानांचे माहेरघर. दर बारा वर्षांनी महामहम् तलावावर येथे पर्वणी भरते. राज्यकारभाराच्या निमित्ताने आलेली देशस्थ कुटुंबे येथे स्थायिक झाली होती. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणत. ‘राव’ या शब्दाला तमिळ मातीत फुटलेला तो कोंब होता. अशा या दुहेरी संस्कृतीच्या राज्यात एक तिसराच परका माणूस आपली वाट शोधत होता.

सन १७६२ मध्ये श्वार्ट्झ तंजावर व तिरुचिरापल्लीकडे गेले आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण लागले. तिरुचिरापल्लीस इंग्रजांची छावणी होती. तेथे त्यांनी शिपायांच्या अनाथ मुलांसाठी शाळा चालवली आणि १७६६ मध्ये ख्राइस्ट चर्च उभे केले. पुढे एका इंग्रज धर्मसंस्थेच्या वतीने ते तेथेच राहिले. फौजेचे धर्मगुरू म्हणून त्यांना वर्षाला १०० पौंड मिळू लागले, त्यांतला निम्मा वाटा ते मिशनच्या कामी घालीत. स्वतःचा संसार त्यांनी मांडलाच नाही. जुन्या इमारतीत जेमतेम एक खाट मावेल एवढी खोली, देशी कापड काळे रंगवून शिवलेला अंगरखा, दोन वेळा शिजवलेला भात आणि थोडी भाजी, एवढा त्यांचा प्रपंच होता. शिपायांसाठी इंग्रजी, मिश्र वस्तीसाठी पोर्तुगीज, नबाबाच्या लोकांसाठी फारसी व हिंदुस्थानी, अशा एकेक भाषा ते आत्मसात करीत गेले.

मराठी ते शिकले ती तंजावरच्या दरबारासाठी. तुळजाराजांची आणि त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. दुभाष्याच्या तोंडून बोलण्यातली अडचण दोघांनाही जाणवली. राजघराण्याशी मनातले बोलायचे तर त्यांच्या घरची भाषा आली पाहिजे, हे श्वार्ट्झ यांनी ओळखले आणि चाळिशी उलटून गेल्यावर मराठीचा अभ्यास आरंभला. तुळजाराजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, श्वार्ट्झ यांनीही त्यासाठी राजाचे मन दुखवले नाही. तरीही राजाचा त्यांच्यावरील लोभ वाढतच गेला. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर जिंकले, राजा कैदेत पडला. १७७६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी त्याला पुन्हा गादीवर बसवले. त्यानंतर दोन वर्षांनी श्वार्ट्झ कायमचे तंजावरी येऊन राहिले आणि तेथे दोन चर्चे उभी राहिली, एक किल्ल्यात आणि एक किल्ल्याबाहेरच्या वस्तीत.

सन १७७९ मध्ये मद्रास सरकारला म्हैसूरच्या हैदरअलीकडे गुप्तपणे कोणी तरी विश्वासाचा माणूस पाठवायचा होता. गव्हर्नर रंबोल्ड यांनी श्वार्ट्झ यांना निवडले. राजकारणाची कामे पाद्र्याने करावीत की नाही, याचा त्यांना मोठा विचार पडला. अखेर युद्ध टळून रक्तपात वाचत असेल तर जावे, असे ठरवून ते श्रीरंगपट्टणास गेले. हैदर इंग्रजांच्या वकिलांवर विश्वास ठेवीत नसे, परंतु हा माणूस आपल्याला फसवणार नाही अशी त्याची खात्री होती. निघताना हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारपुढे ठेवली, आणि सरकार ती घेईना तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेला लावून टाकली. स्वतःसाठी त्यांनी काहीही मागितले नाही.

परंतु शांततेचा निरोप नेणारा माणूस खरा असला, तरी निरोप पाठवणाऱ्यांचे मन तितके स्वच्छ नव्हते. त्याच वर्षी इंग्रजांनी हैदरच्या छायेखालचे माहे हे फ्रेंच ठाणे घेतले होते. १७८० मध्ये युद्ध पेटलेच आणि हैदरचे घोडदळ कर्नाटकात उतरले. सज्जनाचा शब्द सत्तेने वापरून घेतला, ही श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातली पहिली मोठी कसोटी होती. विशेष असे की, ऐन युद्धातही या पाद्रीबाबांना कोणी अडवू नये, अशी ताकीद हैदरने आपल्या सरदारांना दिली होती.

त्या युद्धात तंजावरची पिके जळाली, पाट फुटले, गावे ओस पडली. अन्नासाठी माणसे किल्ल्यात लोटली आणि रस्त्यांवर प्रेते पडू लागली. श्वार्ट्झ यांनी पुढचे ओळखून आधीच तांदूळ साठवून ठेवला होता, त्यावर कितीतरी जीव जगले. पण मोठा प्रश्न किल्ल्याच्या रसदेचा होता. बाहेर धान्य होते, ते आणायला बैल नव्हते. शेतकरी बैल देईनात, कारण पूर्वी त्यांनी दिलेल्या मालाचे दाम सरकारी माणसांनी बुडवले होते. राजाचा शब्द चालेना आणि इंग्रजांचाही चालेना. शेवटी हे काम श्वार्ट्झ यांच्यावर सोपवण्यात आले. त्यांनी गावोगाव पत्रे धाडली, प्रत्येकाचे दाम मी माझ्या हाताने चुकते करीन असे कळवले. एक-दोन दिवसांत हजारावर बैल जमा झाले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ मुलखातले धान्याचे माप. काम संपल्यावर श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचा पैसा चुकता केला, वर कापडाची लहानशी भेटही दिली.

पुढे काही वर्षांनी असाच आणखी एक प्रसंग आला. तुळजाराजांच्या अखेरच्या काळात कारभाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून हजारो शेतकरी राज्य सोडून गेले होते आणि कावेरीकाठची सुपीक जमीन पडीक राहण्याची वेळ आली होती. राजाने अभयवचन दिले, पण त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मग राजाच्या वतीने श्वार्ट्झ यांनी शब्द दिला आणि एका दिवसात ७,००० माणसे परत आली. पेरणीचा हंगाम जवळजवळ निघून गेला होता, तरी त्या लोकांनी रात्रंदिवस खपून शेते उभी केली. आम्हांला वाटते, श्वार्ट्झ यांच्या साऱ्या जीवनाचे सार या दोन प्रसंगांत आहे. त्यांच्याजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता. दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढीच त्यांची जमा होती आणि अडचणीच्या वेळी तीच राज्याच्या कामी आली.

याच सुमारास त्यांच्या हातून शिक्षणाचे एक काम सुरू झाले. तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या मनात आले की, देशी मुलांना इंग्रजी शिकवावे, म्हणजे सरकार व प्रजा यांच्यामधल्या लबाड दुभाष्यांचे काम उरणार नाही. श्वार्ट्झ यांनी ही कल्पना उचलली. तंजावर, रामनाथपुरम व शिवगंगा येथे शाळा निघाल्या, आणि १७८७ मध्ये कंपनीने अशा प्रत्येक शाळेस वार्षिक २५० पगोडांची मदत मंजूर केली. पुढे कुंभकोणमलाही अशी शाळा झाली. तंजावर-कुंभकोणमच्या या शाळांत प्रामुख्याने ब्राह्मण व मराठे कुटुंबांतली मुले येत. धर्माभिमानी गावातल्या वडीलधाऱ्यांनी आपली मुले एका पाद्र्याच्या देखरेखीखाली पाठवावीत, ही सोपी गोष्ट नव्हती. मुलांना ख्रिस्ती करण्यासाठी शाळेत कोणतीही आडवाट वापरू नये, हा श्वार्ट्झ यांचा दंडक लोकांना ठाऊक होता. कुंभकोणम पुढे इंग्रजी विद्येचे मोठे ठाणे झाले आणि १८५४ मध्ये तेथे कॉलेजची स्थापना झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावच्या मराठी घराण्यातला. या साऱ्याचे श्रेय एका शाळेला देता येणार नाही, पण त्या मातीत पडलेले पहिले बी तिचे होते.

मिशनरी म्हणून त्यांचे खरे काम ख्रिस्ती मंडळ्या उभारण्याचे होते. तिरुचिरापल्ली व तंजावरच्या मंडळ्या त्यांनी वाढवल्या. दक्षिणेकडे पाळयंकोट्टै येथे जी मंडळी झाली, तिची हकीकत मराठी वाचकांना विशेष वाटेल. तंजावरकडची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने तेथे राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा, ते संबंध विवाहाचे नसल्याने, श्वार्ट्झ यांनी नकार दिला. तो अधिकारी वारल्यानंतर १७७८ मध्ये त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचे नाव क्लोरिंडा ठेवले. या बाईने मंडळी जमवली, शाळा काढली आणि चर्च बांधले. १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. ब्राह्मण बाईचे देऊळ अशा अर्थाच्या तमिळ नावाने लोक ते चर्च ओळखतात. तिरुनेलवेलीच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या मुळाशी घरापासून दूर पडलेली एक मराठी स्त्री आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या मंडळीची जबाबदारी पुढे सत्यनाथन या तमिळ उपदेशकाकडे आली, आणि १७९० मध्ये श्वार्ट्झ यांनी त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. प्रसिद्ध तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हेही त्यांचेच शिष्य.

चरित्रनायकाचे उणे झाकून ठेवणे आम्हांला उचित वाटत नाही. श्वार्ट्झ यांनी चर्चमधील जातिभेद मुळापासून उपटला नाही. उच्चनीच मानल्या गेलेल्या जाती एकाच छपराखाली, पण वेगवेगळ्या बसत. सावकाश, समजुतीने हे जाईल असे त्यांना वाटत असे. ते तसे गेले नाही, आणि पुढच्या शतकात याच प्रश्नावरून तंजावरच्या मंडळीत मोठे तंटे झाले.

आता सरफोजीराजांकडे वळू. तुळजाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये त्यांनी भोसले कुळातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव सरफोजी ठेवले आणि मुलाला श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करू पाहिले. हा मुलगा आता माझा नसून तुमचा, असे राजाचे म्हणणे होते. पाद्र्याने राज्याचा कारभार हाती घेणे बरे नव्हे, असे सांगून श्वार्ट्झ यांनी नम्रपणे नकार दिला आणि राजाचे बंधू अमरसिंग यांना पालक नेमण्याचा सल्ला दिला. सल्ला सरळ मनाने दिला होता, पण त्याची फळे कडू निघाली. तुळजाराजे वारताच अमरसिंगांनी गादीवर स्वतःचा हक्क सांगितला. कंपनीने पंडितांचे मत घेतले, दत्तविधान अशास्त्र ठरले आणि अमरसिंग राजे झाले. सरफोजी एका अंधाऱ्या कोठडीवजा जागेत बंदिस्त झाला. त्याला ना धड हवा मिळे, ना शिक्षण.

येथे श्वार्ट्झ यांनी आपली चूक भरून काढण्यासाठी जिवाचे रान केले. मुलाच्या हालांविषयी त्यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या, त्याला त्या जागेतून सोडवले आणि १७९३ मध्ये मद्रासला नेऊन पोचवले. तेथे गेरिके नावाच्या मिशनऱ्याने त्याच्या अभ्यासाकडे लक्ष दिले. दत्तकाचा निवाडा पुन्हा तपासला जावा म्हणून श्वार्ट्झ लिहीत राहिले. नव्याने विचारलेल्या पंडितांचे मत सरफोजीच्या बाजूने पडले. सत्तरीला आलेला हा ब्रह्मचारी पाद्री एका मराठी मुलाचा बाप झाला होता.

न्याय मिळालेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १७९७ च्या अखेरीस पायाचे दुखणे बळावले. सरफोजी भेटीस आले, तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना प्रजेची काळजी घेण्याचा उपदेश केला आणि आशीर्वाद दिला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांनी तंजावरी प्राण सोडला. पेटी झाकण्यापूर्वी सरफोजी आले, त्यांनी मुखदर्शन घेतले, पेटीवर जरीचे वस्त्र घातले आणि रडत रडत ते प्रेतयात्रेबरोबर चालले. जूनच्या अखेरीस त्यांना गादी मिळाली.

ती गादी पूर्वीची राहिली नव्हती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीने घेतला, राजाच्या हाती किल्ला व वसुलाचा ठरावीक हिस्सा उरला. श्वार्ट्झ यांनी ज्या इंग्रजांकडे न्याय मागितला, त्यांनी न्याय दिला आणि त्याची किंमत म्हणून राज्य घेतले. हा डाव पाद्र्याने मांडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कंपनीच्या न्यायबुद्धीवर त्यांनी फार भरवसा ठेवला, हेही नाकारता येत नाही. ज्याचा स्वतःचा शब्द कधी मोडत नाही, त्याला दुसऱ्यांचेही शब्द खरे वाटतात.

राज्य गेलेल्या राजाने मग विद्येचे राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. महाराष्ट्रात मराठी छापखाने निघण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास त्यांनी मराठीत कोरवून घेतला. आयुष्यभर ते निष्ठावंत हिंदू राहिले, काशीयात्राही केली. पण गुरूच्या आठवणीसाठी त्यांनी ख्रिस्ती अनाथ मुलांच्या पालनाची तजवीज केली, लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून ते संगमरवरी शिल्प घडवून आणले, आणि किल्ल्याबाहेरच्या सेंट पीटर्स चर्चमधील समाधीच्या शिळेवर स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरल्या. त्या ओळींत पित्याच्या मायेला मुकलेला मुलगा बोलतो.

व्यंकोजीराजांचे राज्य १८५५ मध्ये वारसाअभावी खालसा झाले. कुंभकोणमची शाळाही कधीच काळाच्या उदरात गेली. आपणही आपापल्या नोकरी-धंद्याच्या गावी आलो, रुजलो. आपली मुले आता शेजाऱ्यांची भाषा आपल्याहून चांगली बोलतात. घरात मराठी किती राहील, ही काळजी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघते, आणि ती खोटी नाही. अशा वेळी आम्हांला त्या दोन मूर्ती आठवतात. पाद्री शेवटपर्यंत पाद्रीच राहिला आणि चाळिशीनंतर मराठी शिकला. राजा चक्रपाणीपुढे हात जोडीत राहिला आणि पाद्र्याचा हातही त्याने सोडला नाही. दोघांपैकी कोणालाच आपले घर टाकावे लागले नाही. शेजाऱ्याची भाषा मनापासून शिकावी आणि दिलेला शब्द पाळावा, एवढे केले तर परक्या मुलखातही माणसाच्या जाण्याने कोणी तरी रडते. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर मंडळाने पुढच्या पिढीच्या हाती देण्याजोगी शिदोरी याहून वेगळी कोणती असेल, हे आम्हांला सुचत नाही.